‘अ नंबर ऑफ बॉक्सेस’ला वॉज की वेअर? आधी वाक्य मराठीत म्हणून बघा

प्रश्न दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघणाऱ्या मुलाचा आहे, थोडक्यात सांगते. त्यानं परदेशातल्या बायरला मेल लिहिला, ‘अ नंबर ऑफ बॉक्सेस वॉज डॅमेज्ड’, साहेबांनी वॉज खोडून वेअर केलं. मग पुढच्या मेलमध्ये त्यानं आठवणीनं वेअर वापरलं, ‘द नंबर ऑफ डॅमेज्ड बॉक्सेस वेअर फोर्टीन’, तर साहेबांनी या वेळी वेअर खोडून वॉज केलं. आता तो म्हणतो, मॅडम, शाळेत शिकवलेलं की ऑफच्या आधीचा शब्द बघायचा आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे लावायचं, इथं दोन्हीकडे ऑफच्या आधी नंबरच आहे, मग एकीकडे वेअर आणि दुसरीकडे वॉज कसं? आणि एमपीएससीला असं आलं तर काय बघून उत्तर द्यायचं?

तुझ्या साहेबांनी दोन्ही वेळा बरोबर खोडलंय. आणि शाळेतला नियमही खोटा नाही, तो अर्धा आहे. मी नाशिकमध्ये 22 वर्षं इंग्रजी ग्रामरचे क्लास घेतेय आणि सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा तोच अर्धा नियम फळ्यावर लिहून द्यायचे, ‘ऑफच्या आधीचं बघा’, मुलं पाठ करायची आणि पेपरात ‘अ लॉट ऑफ गर्ल्स वॉज प्रेझेंट’ लिहून यायची. पोरांनी मी सांगितलं तेच केलेलं, मार्क त्यांचे गेले, हे मला फार लागलं. तेव्हापासून मी हा धडा वेगळ्या बाजूनं शिकवते, मराठीच्या बाजूनं, आणि तोच तुला सांगते.

झालं असं की एका मार्चमध्ये निफाडच्या एका मुलानं घरच्या बागेतला घड पेपरात गुंडाळून क्लासला आणला होता. चांगला अर्धा किलोचा असेल, मणी टपोरे, वरची लव अजून पुसलेली नव्हती. मी तो देठाला धरून वर केला आणि टेबलावर सोडला. विचारलं, काय झालं? सगळे म्हणाले, ‘द्राक्षांचा घड पडला’. कुणी ‘पडली’ म्हणालं नाही. द्राक्षं शंभर असतील पण क्रियापद घडाचं ऐकतं, घड पुल्लिंगी एकवचनी म्हणून ‘पडला’. इंग्रजीत तेच, ‘अ बंच ऑफ ग्रेप्स वॉज लाइंग ऑन द टेबल’. मग मी त्याच मुलाला विचारलं, काल तुमच्या गावात मीटिंग होती ना, किती शेतकरी आले? तो म्हणाला, ‘कुठं मॅडम, मूठभर शेतकरी आले होते’. मी लगेच त्याला थांबवलं आणि फळ्यावर हे वाक्य लिहिलं. मूठ स्त्रीलिंगी एकवचनी, तरी तो ‘मूठभर शेतकरी आली होती’ म्हणाला नाही, कुठलाच मराठी माणूस म्हणणार नाही. इथं मूठ ही वस्तूच राहिली नाही, ‘मूठभर’ म्हणजे ‘थोडे’, ते नुसतं शेतकऱ्यांचं विशेषण झालं आणि क्रियापद शेतकऱ्यांकडे गेलं. इंग्रजीत, ‘अ हँडफुल ऑफ फार्मर्स वेअर प्रेझेंट’.

सगळा धडा या दोन वाक्यांत आहे बघ. मराठीत हे दोन अर्थ दोन वेगळ्या रूपांत येतात, एकात ‘द्राक्षांचा घड’ असं चा-ची-चे लागतं, दुसऱ्यात ‘मूठभर शेतकरी’, ‘बरेच शेतकरी’, ‘निम्मे शेतकरी’ असं काहीही न लागता सरळ येतं. इंग्रजी मात्र दोन्हीकडे तोच एक ‘ऑफ’ वापरते, त्यामुळे वरून बघितलं तर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात आणि आपण फसतो. शिवाय आपल्या क्रियापदाला लिंगही कळतं, पडला पडली पडलं, त्यामुळे ते कुणाचं ऐकतंय हे कानाला लगेच समजतं, इंग्रजी क्रियापदात एवढी सोय नाही. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की ते मनात मराठीत म्हणायचं आणि क्रियापद कुणाकडे गेलं ते बघायचं. क्रियापद ज्याचं ऐकतं त्याला मी मालक म्हणते. चा-ची-चे वालं रूप आलं तर त्याच्या पुढचा शब्द मालक, म्हणजे इंग्रजीत ऑफच्या आधीचा. सरळ रूप आलं तर मालक तो माल, म्हणजे ऑफच्या नंतरचा.

आता तुझी वाक्यं घे. ‘अ नंबर ऑफ बॉक्सेस’ला मराठीत काय म्हणशील? ‘पेट्यांची एक संख्या खराब झाली’ असं कुणी बोलत नाही, आपण म्हणतो ‘बऱ्याच पेट्या खराब झाल्या’. सरळ रूप, मालक पेट्या, म्हणून वेअर. आणि ‘द नंबर ऑफ डॅमेज्ड बॉक्सेस’ म्हणजे ‘खराब पेट्यांची संख्या चौदा होती’, इथं ‘ची’ आलं, ‘होती’ हे संख्येचं क्रियापद आहे, चौदा आहे ती संख्या, पेट्या नाहीत, म्हणून वॉज. झालं, एवढंच होतं तुझ्या दोन मेलमध्ये.

इथं एक शॉर्टकट फिरतो, की ‘अ’ असेल तर अनेकवचन आणि ‘द’ असेल तर एकवचन. नंबरपुरतं ते जुळतं म्हणून मुलांना तो सगळीकडे लागू वाटतो आणि मग दणादण चुका होतात, कारण ‘द मेजॉरिटी ऑफ द फार्मर्स’ला आर लागतं, ‘द रेस्ट ऑफ द बॉक्सेस’ला वेअर लागतं, दोन्हीकडे द आहे, आणि ‘अ लिस्ट ऑफ नेम्स’ला वॉज, तिथं अ आहे. आपल्या पद्धतीनं बघ, बहुतेक शेतकरी, बाकीच्या पेट्या, नावांची यादी, तिन्ही उत्तरं आपोआप बरोबर येतात. तेव्हा तो अ-द चा शॉर्टकट डोक्यातून काढूनच टाक, मी माझ्या क्लासमध्ये तो लिहूनही देत नाही.

‘लॉट’ शब्द तुला रोजचा आहे म्हणून त्याच्यावर जरा थांबते. लॉटचा जुना अर्थ वाटा, हिस्सा, असा आहे आणि तुमच्या पॅकहाऊसमध्ये लॉट नंबर टाकतात तो लॉट त्याच कुळातला, मालाचा एक ठरावीक हिस्सा. त्या अर्थानं ‘द सेकंड लॉट ऑफ ग्रेप्स वॉज रिजेक्टेड’, द्राक्षांचा दुसरा लॉट नाकारला, लॉट मालक. पण ‘अ लॉट ऑफ ग्रेप्स वेअर रिजेक्टेड’ म्हणजे पुष्कळ द्राक्षं नाकारली, इथं लॉटमध्ये लॉट उरलेलाच नाही, वापरून वापरून तो शब्द झिजला आणि नुसता ‘पुष्कळ’ झाला. आपल्या ‘मूठभर’चं झालं तसंच. आणि माल जर मोजता न येणारा असेल तर तोच लॉट एकवचन घेतो, ‘अ लॉट ऑफ वॉटर वॉज वेस्टेड’, पुष्कळ पाणी वाया गेलं, ‘गेलं’ हे पाण्याचं. म्हणजे लॉट स्वतः काही ठरवतच नाही, पुढचा माल ठरवतो.

दुसरा असाच शब्द व्हरायटी. माझ्या आवडीचा आहे कारण नाशिकच्या मुलांना तो एका मिनिटात कळतो. ‘धिस व्हरायटी ऑफ ग्रेप्स इज एक्स्पोर्टेड टू युरोप’, द्राक्षाची ही जात युरोपला जाते, समज थॉमसन सीडलेस, जात एकच, इज. आणि ‘अ व्हरायटी ऑफ ग्रेप्स आर सोल्ड हिअर’, इथं तऱ्हेतऱ्हेची द्राक्षं मिळतात, थॉमसनही आली, सोनाकाही आली, काळी शरदही आली, म्हणून आर. शब्द तोच, ऑफ तोच, द्राक्षं तीच, पण अर्थ फिरला की क्रियापद फिरलं. असंच ‘अ कपल ऑफ बॉक्सेस वेअर ओपन’ म्हणजे दोन-एक पेट्या, आणि ‘अ टोटल ऑफ फोर्टी बॉक्सेस वेअर लोडेड’ म्हणजे एकूण 40 पेट्या, याउलट ‘द टोटल वॉज फोर्टी’ म्हणजे बेरीज. हे तुला आता सांगायला नको.

खरी वस्तू असेल, खोका, क्रेट, घड, गोणी, ट्रक, तिथं मात्र एक काळजी घे. मराठीत आपण ‘क्रेटभर टोमॅटो सडले’ असंही म्हणतो आणि ‘टोमॅटोचा क्रेट सडला’ असंही म्हणतो, दोन्ही चालतं. तिथं इंग्रजीत चा-ची-चे वालं रूपच धरायचं, ‘अ क्रेट ऑफ टोमॅटोज वॉज’, परीक्षेत तर डोळे झाकून. आणि क्रेट दोन झाले की ‘टू क्रेट्स ऑफ टोमॅटोज वेअर’, मोजायचा तो क्रेट, टोमॅटो नाही.

टक्के आणि हिश्श्यांचं सोपं आहे, ते सगळे सरळ रूपात येतात म्हणून मालच मालक. ‘फोर्टी पर्सेंट ऑफ द क्रॉप वॉज डिस्ट्रॉइड’, 40 टक्के पीक गेलं. ‘फोर्टी पर्सेंट ऑफ द ग्रेप्स वेअर डिस्ट्रॉइड’, 40 टक्के द्राक्षं गेली. मोस्ट ऑफ, हाफ ऑफ, सम ऑफ, ऑल ऑफ, सगळ्यांचं हेच. फक्त इथं आपल्याकडची एक सवय आडवी येते. लासलगावच्या मार्केटमध्ये कांदा किती आला म्हणतात, ‘कांदे किती आले’ असं व्यापारी कधी म्हणणार नाही, ढीगभर माल असला तरी तो ‘कांदा’च, एकवचनी. आमच्या येवल्याकडच्या एका मुलीनं निबंधात लिहिलेलं, ‘हाफ ऑफ द अनियन वॉज रॉटन’, तिच्या डोक्यात ‘निम्मा कांदा सडला’ होतं, वडिलांच्या कांदा साठवायच्या चाळीतला सगळा माल तिला दिसत होता, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात एकच कांदा दिसणार, कापलेला, अर्धा सडका. तिला ‘हाफ ऑफ द अनियन्स वेअर रॉटन’ लिहायला हवं होतं. म्हणजे क्रियापद मराठीत विचारायचं, पण ती वस्तू इंग्रजीत एकवचनात बोलतात की अनेकवचनात हे इंग्रजीलाच विचारायचं. उलट्या बाजूनं फर्निचर, लगेज, इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट, हे शब्द इंग्रजीत कधीच अनेकवचनी होत नाहीत, आपण मराठीत खुशाल ‘बॅगा आल्या’ म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘ऑल द लगेज हॅज अराइव्हड’.

आता जिथं माझी पद्धत चालत नाही त्या जागा सांगते, कारण त्या लपवल्या तर मी पुन्हा अर्धाच नियम दिल्यासारखं होईल.

‘मोअर दॅन वन बॉक्स वॉज डॅमेज्ड’. मराठीत आपण ‘एकापेक्षा जास्त पेट्या खराब झाल्या’ म्हणतो, अर्थही अनेकच आहे, तरी इंग्रजी तिथं एकवचन घेते कारण क्रियापदाला चिकटून ‘वन बॉक्स’ बसलंय. तसंच ‘मेनी अ फार्मर हॅज लॉस्ट हिज क्रॉप’, कित्येक शेतकऱ्यांचं पीक गेलं, अर्थ कित्येकांचा पण हॅज. ही दोन पाठच करावी लागतात, दुसरा इलाज नाही, आणि पेपर काढणाऱ्यांना ही दोन फार आवडतात.

दुसरी जागा पैसे, अंतर, वेळ, वजन. मराठीत ‘पाच लाख रुपये गेले’, अनेकवचन. इंग्रजीत सगळा आकडा मिळून एक रक्कम धरतात, ‘फाइव्ह लाख रुपीज इज अ बिग अमाउंट’. इथं मी मुलांना सांगते की मध्ये ‘ही रक्कम’, ‘हे अंतर’ घालून बघा. ‘5 लाख रुपये ही रक्कम मोठी आहे’, ‘नाशिक ते त्र्यंबक साधारण 30 किलोमीटर हे अंतर काही जास्त नाही’, ‘थर्टी किलोमीटर्स इज नॉट फार’. घातलेला शब्द नीट बसला की एकवचन. पण 500 च्या नोटा टेबलावर पसरल्या असतील आणि एकेक नोट दिसत असेल तर ‘द नोट्स वेअर लाइंग’, तिथं रक्कम नाही, नोटा आहेत.

तिसरी जागा टीम, कमिटी, ज्युरी, फॅमिली. इथं ऑफ नसतो पण गोंधळ त्याच जातीचा. आपल्याकडच्या परीक्षांत ठरलेलं आहे, सगळे मिळून एक काम करतायत तर एकवचन, ‘द कमिटी वॉज युनॅनिमस’, आणि आपापसात फाटलेत तर अनेकवचन, ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. मराठीत हा फरक आपण शब्द बदलून करतो, ‘समितीनं ठरवलं’ पण ‘समितीतल्या लोकांत मतभेद झाले’, म्हणजे मनात ‘तले लोक’ आलं की अनेकवचन. बाहेर मात्र दोन रिवाज आहेत, अमेरिकेत टीमला जवळजवळ नेहमीच इज लावतात, इंग्लंडमध्ये आर सर्रास चालतं, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘इंडिया आर टू हंड्रेड फॉर थ्री’ ऐकलं असशील, ती चूक नाही. तुझा बायर कुठला आहे ते बघून लिही आणि एका मेलमध्ये एकच ठेव, वर ‘द टीम हॅज’ आणि खाली ‘देअर रिपोर्ट’ असं नको, हॅज लिहिलंस तर ‘इट्स रिपोर्ट’. पोलीस आणि कॅटल हे कायम अनेकवचनी, पण ते मराठीतही बहुतेक वेळा तसेच येतात, पोलीस आले, गुरं चरतायत, म्हणून त्यात आपली मुलं फारशी चुकत नाहीत.

एमपीएससीचं म्हणालास म्हणून अजून एक, कारण यात चांगली चांगली मुलं पडतात. ‘ही इज वन ऑफ द फार्मर्स हू एक्स्पोर्ट ग्रेप्स’, एक्स्पोर्ट की एक्स्पोर्ट्स? वन बघून सगळे एस लावतात. आपलं जे-ते लावून बघ, ‘जे शेतकरी द्राक्षं एक्स्पोर्ट करतात, त्यांच्यापैकी तो एक’. ‘करतात’ आलं ना, मग एक्स्पोर्ट, एस नाही. पण ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द फार्मर्स हू एक्स्पोर्ट्स ग्रेप्स’, ‘त्या शेतकऱ्यांत एक्स्पोर्ट करतो असा तो एकटाच’, ‘करतो’, म्हणून एस. आपल्या भाषेत जो-तो, जे-ते इतकं स्वच्छ आहे की हा प्रश्न मराठी मुलाचा चुकूच नये, चुकतो कारण तो मराठी बाजूला ठेवून सोडवायला बसतो. आणि ‘वन ऑफ द बॉक्सेस वॉज ओपन’, पेट्यांपैकी एक उघडी होती, हे तर सरळच.

आणखी एका ठिकाणी मराठी कान बंद ठेवावा लागतो, आदरार्थी अनेकवचनाला. ‘साहेब आलेत’, ‘बाबा शेतात गेलेत’ म्हणून गावाकडून आलेली मुलं ‘माय फादर हॅव गॉन’ लिहितात. मी त्यांना कधी रागावत नाही, वडिलांना ‘गेला’ म्हणायला जीभ रेटत नाही हे मला समजतं. पण इंग्रजीत मान क्रियापदातून देत नाहीत, हॅजच लिहायचं.

आणि लांब वाक्यात घाई करू नकोस. ‘द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स दॅट वुई सेंट इन द लास्ट थ्री कंटेनर्स’ एवढं वाचेपर्यंत क्वालिटी मागे राहते, डोळ्यासमोर कंटेनर्स असतात आणि हात आपोआप वेअर लिहितो. पेन्सिलनं क्वालिटीखाली रेघ मार आणि मधलं सगळं बोटानं झाक, ‘क्वालिटी वॉज’. ‘अलाँग विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ आलं तरी हेच, मालक मुलांसह आला, मुलं झाकायची, आला तो मालक.

मेलचं काम परीक्षेपेक्षा सोपं आहे, तिथं तुला वाक्य बदलायची मुभा आहे. बायरला ‘अ नंबर ऑफ’ लिहून त्याला मोजायला लावण्यापेक्षा सरळ आकडा दे, ‘फोर्टीन बॉक्सेस वेअर डॅमेज्ड’, आणि आकडा अजून हातात नसेल तर ‘सेव्हरल बॉक्सेस वेअर डॅमेज्ड, वुई विल सेंड द एक्झॅक्ट काउंट बाय इव्हिनिंग’. ऑफच नाही, म्हणजे प्रश्नच नाही.